‘शेवटी सगळी साखरच’ या निरोपाला उत्तर

एक निरोप गेले काही महिने फिरतो आहे. मला तो पाच वेळा तरी आला असेल. त्याचा गोषवारा असा: ‘सगळी कर्बोदकं म्हणजे शेवटी साखरच. धान्य खा, कडधान्य खा, फळ खा नाहीतर चमच्याने साखर खा, रक्तात जातं ते एकच, ग्लुकोज. तंतुमय पदार्थ म्हणजे नुसता चोथा, त्यात पोषण शून्य. शरीराला कर्बोदकांची गरजच नाही. गवत, पेंढा, लाकूड यांतही तीच साखर असते. त्यातून साऱ्या जगाला फुकट इंधन मिळालं असतं, पण ते मुद्दाम दडवून ठेवलं आहे. शिवाय वनस्पतींपासून केलेल्या इंधनातून कार्बन बाहेर पडतच नाही.’

इतके दिवस मी हा निरोप वाचून सोडून देत होतो. मग कळलं की माझ्या मावशीने तो वाचून कडधान्यं आणि फळं बंद केली आहेत. तिला मधुमेह आहे. डॉक्टरांनी तिला जे आवर्जून खायला सांगितलं होतं, नेमकं तेच तिने सोडलं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

पहिला मुद्दा ‘शेवटी सगळी साखरच’ हा. यात खरं किती ते आधी सांगतो. स्टार्च, म्हणजे पिष्ट, हे फक्त ग्लुकोजचे रेणू एकमेकांना जोडून झालेलं असतं. सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींच्या पेशींच्या भिंती ज्याच्या होतात ते द्रव्य, हेही फक्त ग्लुकोजचंच. आपण वापरतो ती साखर, म्हणजे सुक्रोज, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज मिळून होते. तेव्हा माल बहुतांशी एकच आहे, हे मान्य. पण तो जोडला कसा आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

ग्लुकोजचा रेणू कड्यासारखा असतो. एक कडं दुसऱ्या कड्याला जोडताना पहिल्या कार्बनपाशी दोन शक्यता असतात. जोड खालच्या अंगाने बसला तर त्याला अल्फा म्हणतात, वरच्या अंगाने बसला तर बीटा. फरक एवढाच. अल्फा जोडांची साखळी स्प्रिंगसारखी वळत जाते, सैल राहते. तिच्यात पाणी शिरतं, उष्णता दिली की ती फुगते आणि आपल्या लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) तिचे तुकडे करू लागतं. हे झालं पिष्ट. बीटा जोडांत प्रत्येक पुढचं कडं उलटं बसतं, त्यामुळे साखळी सरळसोट राहते. अशा सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून घट्ट जुड्या बांधतात आणि त्या जुड्यांत पाण्यालाही सहज शिरता येत नाही. हे झालं सेल्युलोज. कापसाचा धागा जवळजवळ निखळ सेल्युलोजचा असतो. म्हणजे अंगातला सुती सदराही ग्लुकोजचाच आहे, पण तो पाण्यात विरघळत नाही, जिभेला गोड लागत नाही आणि माणसाच्या पोटात पचत नाही. हे जोड तोडणारं विकरच आपल्या शरीरात नाही. गाईच्या शरीरातही नाही. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव तिच्यासाठी ते काम करतात, आणि त्यासाठी तिला दिवसाचे कित्येक तास रवंथ करावं लागतं.

त्यामुळे या निरोपात मला सगळ्यात खटकतो तो ‘शेवटी’ हा शब्द. त्या शेवटाला पोचायला किती वेळ लागतो, वाटेत काय काय घडतं आणि खर्च किती येतो, हे सगळं त्या एका शब्दाखाली गडप होतं. पोटाच्या बाबतीत आणि इंधनाच्या बाबतीतही महत्त्वाची असते ती हीच वाट.

दुसरा मुद्दा, ‘रक्तात जातं ते एकच’. हे तर सरळच चूक आहे. साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. तो मुख्यतः यकृताकडे जातो आणि रक्तातलं ग्लुकोज त्याने फारसं वाढत नाही. प्रमाणाबाहेर फ्रुक्टोज आला की यकृत त्यातल्या काही भागाची चरबी करतं. उलट पिष्टातून फक्त ग्लुकोज मिळतं. दातांच्या बाबतीतही दोन्ही सारखी नाहीत. दात किडवणारे जीवाणू सुक्रोजपासून एक चिकट थर तयार करतात आणि त्याच्या आधाराने दातांवर ठाण मांडतात. नुसत्या पिष्टापासून त्यांना तसा थर करता येत नाही.

आता पचनाचा वेग. टोरंटोमध्ये डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये निरनिराळे पदार्थ खायला देऊन त्यानंतर रक्तातलं ग्लुकोज कसं चढतं ते मोजलं. ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ ही कल्पना तिथून आली. शुद्ध ग्लुकोजला 100 धरलं तर साखर 65 च्या आसपास येते. मैद्याचा पांढरा पाव 70 च्या वर जातो, म्हणजे साखरेच्याही पुढे. आणि बहुतेक कडधान्यं 30 च्या आसपास राहतात. निरोप लिहिणाऱ्याने साखर आणि पिष्ट एका रांगेत बसवले, पण मोजमाप सांगतं की काही पिष्टं साखरेहून वेगाने चढतात आणि काही तिच्या निम्म्यानेही चढत नाहीत. दळलेलं, पॉलिश केलेलं, अगदी मऊ शिजवलेलं पिष्ट बेतानेच खावं, या सल्ल्याशी माझं भांडण नाही. पण कडधान्याच्या दाण्यात पिष्ट पेशींच्या भिंतींआड बंदिस्त असतं आणि विकरांना तिथवर पोचायला वेळ लागतो. शिजवून थंड केलेल्या बटाट्यातलं थोडं पिष्ट पुन्हा घट्ट बांधलं जातं आणि लहान आतड्यात न पचताच पुढे जातं. मावशीने सोडलं ते हे हळू चढणारं अन्न. मैद्याची बिस्किटं मात्र तिच्या चहासोबत चालूच होती, कारण निरोपाच्या हिशेबात सगळं सारखंच!

तिसरा मुद्दा, तंतू म्हणजे चोथा. हे तंतू लहान आतड्यात पचत नाहीत, इथपर्यंत खरं आहे. पण पुढे मोठ्या आतड्यात अब्जावधी जीवाणू त्यांची वाट बघत असतात. त्यातले बरेचसे तंतू ते आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं तयार होतात. यांतलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन आहे. आतड्याचं अस्तरच ज्याच्यावर जगतं त्यात पोषण शून्य कसं? आहारशास्त्रात तंतूंची ऊर्जा ग्रॅमला साधारण 2 किलोकॅलरी धरतात, पिष्टाची 4. म्हणजे निम्मी, शून्य नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू सांगितले आहेत आणि कर्बोदकं मुख्यतः अख्खी धान्यं, भाज्या, फळं, कडधान्यं यांतून घ्यावीत असं म्हटलं आहे. याच संघटनेने 2015 मध्ये वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांच्यातून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं. अख्खं फळ त्या मर्यादेत मोजलेलं नाही. सगळी साखर एकच असती तर हा भेद करावाच लागला नसता.

‘शरीराला कर्बोदकांची गरजच नाही’ याबद्दल थोडक्यात. मेंदूला दिवसाला सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं. तांबड्या रक्तपेशी तर ग्लुकोजशिवाय दुसरं काही वापरूच शकत नाहीत. खाण्यातून ते मिळालं नाही तर यकृत प्रथिनं आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून ते घडवतं, म्हणून माणूस लगेच कोसळत नाही. त्यातून एवढंच सिद्ध होतं की ग्लुकोजवाचून शरीराचं अडतं आणि म्हणून त्याने ते घडवण्याची पर्यायी सोय ठेवली आहे. मधुमेहात कर्बोदकं किती कमी करायची हा प्रश्न रास्त आहे, पण तो औषधांच्या मात्रेशी जोडलेला असतो. आलेल्या निरोपावरून तो सोडवायचा नसतो. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने परस्पर कर्बोदकं तोडली तर रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते.

आता इंधन. लाकडात साखर आहे हे गुपित असल्याचं निरोप सांगतो. ते गुपित उघड होऊन 200 वर्षं झाली. 1811 मध्ये किर्खोफ या रसायनशास्त्रज्ञांनी आम्लाच्या साहाय्याने पिष्टाची साखर केली आणि 1819 मध्ये फ्रान्सच्या आंरी ब्राकोनो यांनी कापडाच्या चिंध्यांवर सल्फ्युरिक आम्ल वापरून त्यांची साखर करून दाखवली. पुढे जर्मनीने युद्धकाळात लाकडापासून अल्कोहोल केलं आणि सोव्हिएत संघात तसे कारखाने कित्येक दशकं चालले. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू आणि कपडे एका बुरशीने खाऊन टाकले. तिलाच आता ट्रायकोडर्मा रीसाय म्हणतात, आणि सेल्युलोज तोडणारी विकरं करायला आज कारखान्यांत तीच वाढवली जाते. हे सगळं उघडपणे छापलेलं आहे.

मग अडतं कुठे? पेंढ्यात किंवा लाकडात सेल्युलोज साधारण 40 टक्के असतं. उरलेल्यात हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. लिग्निन साखर नाहीच. ते सेल्युलोजच्या जुड्यांभोवती डिंकासारखं बसतं, म्हणून आधी उष्णता, वाफ, आम्ल वापरून ते ढिलं करावं लागतं. त्या प्रक्रियेत फुरफुरालसारखी द्रव्यं तयार होतात आणि ती साखर आंबवून अल्कोहोल करणाऱ्या यीस्टला मारक ठरतात. हेमिसेल्युलोजमधून मुख्यतः झायलोज निघते. ही पाच कार्बनची साखर नेहमीच्या यीस्टला आंबवता येत नाही, त्यासाठी यीस्टमध्ये जनुकीय बदल करावे लागतात. सेल्युलोजसाठी विकरंही पिष्टापेक्षा कित्येक पट जास्त लागतात. शिवाय पेंढा हलका आणि फोफशा, त्यामुळे गाडीत वजनापेक्षा हवाच जास्त जाते. त्याबरोबर माती आणि वाळू येते ती यंत्रं झिजवते.

अमेरिकेने 2007 च्या कायद्यात 2022 पर्यंत वर्षाला 16 अब्ज गॅलन, म्हणजे सुमारे 60 अब्ज लिटर, असं सेल्युलोजपासूनचं इंधन करायचं लक्ष्य ठेवलं होतं. ज्याला हे दडपायचं आहे तो असा कायदा करत नाही. आयोवा आणि कॅन्सस राज्यांत 2014 आणि 2015 मध्ये मोठे कारखाने सुरू झाले आणि काही वर्षांतच बंद पडले. लक्ष्याच्या जवळपासही कोणी पोचलं नाही. ब्राझीलमध्ये उसाच्या चिपाडापासून असं इथेनॉल थोड्या प्रमाणात होतं, कारण चिपाड आयतंच कारखान्याच्या आवारात पडलेलं असतं, ते वाहून आणावं लागत नाही.

हे सगळं जमलं तरी ते फुकट नसतंच. 162 ग्रॅम सेल्युलोजमध्ये पाणी मिसळून 180 ग्रॅम ग्लुकोज होतं. ते पूर्ण आंबवलं तर जास्तीत जास्त 92 ग्रॅम इथेनॉल मिळतं. उरलेले 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. त्या इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, आणि ते पाण्यातून वेगळं काढायला आणखी उष्णता लागते. झाडं तरी उन्हाची किती ऊर्जा साठवतात? वर्षाच्या हिशेबात शेतातली पिकं बहुधा एक टक्क्याच्या आतच. साऱ्या जगाचं इंधन यावर भागवायचं म्हटलं तर जमीनच पुरणार नाही.

शेवटचा मुद्दा कार्बनचा. वर आलेलं 92 ग्रॅम इथेनॉल जाळलं की 176 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो बाहेर पडतच नाही हे म्हणणं खोटं आहे. तो झाडाने आधी हवेतूनच घेतलेला असतो, एवढं मात्र खरं, आणि खनिज तेलापेक्षा हा फरक मोठा आहे. पण हिशेब तिथे संपत नाही. खत तयार करायला नैसर्गिक वायू लागतो. शेतातल्या नत्रखतातून नायट्रस ऑक्साइड निसटतो, आणि 100 वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता धरतो. उसाच्या कारखान्यात वाफेसाठी चिपाडच जाळतात, म्हणून तिथलं इथेनॉल या हिशेबात पुष्कळ उजवं ठरतं. मक्यापासून करताना ती उष्णता बहुधा नैसर्गिक वायूतून येते. आणि जिथे इंधनाच्या पिकासाठी जंगल तोडलं किंवा दलदल सुकवली, तिथे त्या झाडांतून आणि मातीतून एकदम सुटलेला कार्बन भरून काढायला त्याच जमिनीवर दशकानुदशकं, काही ठिकाणी तर शतकानुशतकं, इंधन पिकवत राहावं लागतं.