फोर्डचं बुडणं आणि आपलं बुडणं

पुण्या-नाशिककडच्या उद्योजक मेळाव्यांतली भाषणं नातेवाईक मला आवर्जून पाठवतात. कारण मी डेट्रॉइटला राहतो आणि वक्ता हमखास हेन्री फोर्डवर येतो. फोर्ड बुडाला, पुन्हा उठला; मराठी माणूस मात्र एकदा आपटला की नोकरीच्या जाहिराती बघतो. टाळ्या. मग फॅमिली ग्रुपवर नेहमीचा वाद: आपल्यात धाडसच नाही, गुजराती-मारवाडी बघा, वगैरे. फोर्ड ज्या गावात बुडाला तिथे राहून मला या भाषणात एक प्रश्न राहून गेलेला दिसतो. बुडाले ते पैसे कोणाचे होते?

ऑगस्ट १८९९ मध्ये डेट्रॉइट ऑटोमोबाइल कंपनी निघाली. पैसा होता विल्यम मर्फी या लाकूड व्यवसायातल्या धनिकाचा आणि त्याच्या ओळखीच्यांचा. गाड्या महाग, दर्जा यथातथाच. वीसेक तयार झाल्या आणि जानेवारी १९०१ मध्ये कंपनी गुंडाळली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रॉस पॉइंटच्या शर्यतीत फोर्डने अलेक्झांडर विंटनला हरवलं, आणि पुढच्याच महिन्यात त्याच मर्फी मंडळींनी त्याच्या नावाची दुसरी कंपनी काढून दिली. तिथेही पटलं नाही. १९०२ मध्ये तो ९०० डॉलर आणि स्वतःचं नाव घेऊन बाहेर पडला. मागे उरलेल्या कंपनीची पुढे कॅडिलॅक झाली. जून १९०३ मध्ये तिसरी कंपनी निघाली, २८ हजार डॉलर रोख भांडवलावर. तेही बहुतेक दुसऱ्यांचंच. आजची फोर्ड ती हीच.

फोर्ड शिकला हे खरंच. गाडी साधी आणि स्वस्त हवी, आणि मालकी आपल्या हातात हवी. दुसरा धडा तर त्याने इतका मनावर घेतला की १९१९ मध्ये बाकीच्या भागधारकांना पैसे देऊन मोकळं केलं. पण शिकायला माणूस उभा असावा लागतो, आणि तो उभा राहिला याचं श्रेय भाषणात मर्फीला कुणी देत नाही. आपल्याकडेही त्याच १९०३ मध्ये बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी जमीन आणि कर्ज दिलं, म्हणून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. चिकाटी लक्ष्मणरावांची, पाठबळ संस्थानिकाचं.

आता माझ्या मामेभावाचं सांगतो. भोसरीत त्याचं पावडर कोटिंगचं छोटं युनिट होतं. काम चांगलं, ऑर्डरीही होत्या. २००६ चा कायदा म्हणतो की लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्या. त्याचं मोठं गिऱ्हाईक सहा-सहा महिने लावायचं, आणि तक्रार करावी तर पुढची ऑर्डर जाणार. बँकेची सीसी, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्जखातं, तुंबली. राहता फ्लॅट तारण, मामा जामीनदार, वहिनीचे दागिने आधीच सोनेतारणात. पावडरवाल्याला दिलेले पुढच्या तारखांचे चेक वटले नाहीत आणि कलम १३८ खाली केस उभी राहिली. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या माणसाला धाडस कमी पडलं म्हणणाऱ्याने त्याची फाइल एकदा चाळावी.

इथे काय होतं? बँक इथेही मालकाची वैयक्तिक हमी घेतेच, तो काही भारताचा शोध नाही. पण धंदा बसला तर माणूस अमेरिकन दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर सेव्हनखाली दिवाळखोरी मागतो. ट्रस्टी विकण्याजोगं विकतो, कायद्याने वगळलेली मालमत्ता सोडतो, आणि साधारण चार-पाच महिन्यांत बहुतेक देणं माफ होतं. शिक्का दहा वर्षं पतनोंदीत राहतो, पण माफ झालेल्या देण्यासाठी त्याला पुन्हा कोर्टात ओढता येत नाही. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या, २०१३ मध्ये डेट्रॉइट शहरच गेलं. या गावात त्या शब्दाची लाज फारशी उरलेली नाही.

अर्थात माफीची किंमत कुणीतरी मोजतंच. शहराचं देणं निस्तरताना सामान्य निवृत्त कर्मचाऱ्यांचं पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापलं गेलं आणि महागाईची वाढही गेली. त्यांचा काय गुन्हा? आणि आम्ही एच-वन-बीवाले इथून उपदेश करतो तेव्हा तर हसूच येतं. नोकरी गेली तर हाती साठ दिवस, आरोग्यविमा नोकरीला बांधलेला, ग्रीन कार्डाची रांग दशकाच्या पलीकडे. मर्फीच्या देशात राहूनही आमच्यातले बहुतेक धंद्याच्या वाटेला जात नाहीत. धाडस रक्तात असतं-नसतं, या चर्चेवर माझा विश्वास उडाला तो इथल्या आमच्या मंडळींकडे बघूनच. भोसरीत वाढलेला माणूस भोसरीत जे करतो ते डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये करत नाही, आणि रक्त तर तेच असतं. मामेभावाला निदान मामाने घरात घेतलं. इथे तो आधार व्हिसावाल्याला कुठला?

म्हणून गावाकडचा वाद मला चुकीच्या टोकाकडून सुरू झालेला वाटतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. तो कंपन्यांच्या जामीनदारांना डिसेंबर २०१९ पासून लागू झाला; मामेभावासारख्या प्रोप्रायटरला, म्हणजे एकट्याच्या नावावर धंदा करणाऱ्याला, अजून नाही. त्याच्यासाठी अजून १९२० चा, इंग्रजांच्या काळातला कायदा. मोठ्या कंपनीची थकबाकी कंपनी कायदा लवादाच्या दारात निम्म्याहून कमी रकमेत मिटल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि शेडवाल्याला मात्र टाळ्यांचं भाषण मिळतं. मेळाव्याला मंत्री येतातच. वक्त्याने फोर्डऐवजी त्यांना एवढंच विचारावं, तो भाग प्रोप्रायटरला कधी लागू होणार?