एमक्यू डाउन नाहीये, तुम्ही आधी तुमची कनेक्शनं बंद करा

शुक्रवारी रात्री सव्वादहाला भांडुपला घरी पोचले, ताटावर बसले, पहिला घास तोंडात आणि फोन वाजला. ब्रिज कॉलवर या, एमक्यू डाउन आहे. नऊ वर्षं झाली मी मिडलवेअर सपोर्टला आहे, म्हणजे एका ॲपचे मेसेज दुसऱ्या ॲपला पोचवणारं हे एमक्यू सांभाळते, आणि हे एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता नुसतं कानावर पडलं तरी तिडीक जाते डोक्यात, कारण एमक्यू डाउन नसतंच हो! बघायचं तरी आधी! लॅपटॉप उघडला, क्यू मॅनेजर (एमक्यूचा मुख्य प्रोग्राम) रनिंग, १४१४ पोर्टवर लिसनर (नवीन जोडणी घेणारा) रनिंग, डिस्क मोकळी, बाकीच्या ॲप्सचे मेसेज मजेत येतायत जातायत. एरर लॉग उघडला तर एएमक्यू९५१३, मॅक्झिमम नंबर ऑफ चॅनेल्स रीच्ड. चॅनेल म्हणजे ॲप आणि एमक्यूमधली एक जोडणी. म्हणजे दुकान उघडंच आहे, आत माणसं इतकी कोंबलीयत की नवीन माणूस शिरत नाही. आणि ती माणसं कोणाची? चॅनेल स्टेटस काढला, आमची लिमिट २००, त्यातले १६३ चॅनेल एकट्या एका ॲपचे. त्या ॲपला पीक अवरलासुद्धा १२ पुरतात, डिझाइन डॉक्युमेंटमध्ये त्यांनीच लिहून दिलंय १२.

आणि त्या ॲपच्या लॉगमध्ये काय, २५३७, चॅनेल नॉट अव्हेलेबल. ते वाचून त्यांचा निष्कर्ष की एमक्यू डाउन. अरे बाबांनो, चॅनेल मिळत नाहीये कारण सगळे तुम्हीच धरून बसलायत!

आता हे होतं कसं ते सांगते, कारण दर सहा महिन्यांनी नवीन टीम येते आणि तीच चूक पहिल्यापासून करते. जेएमएसमध्ये, म्हणजे जावा प्रोग्रामने मेसेज टाकायच्या-वाचायच्या ठरलेल्या पद्धतीत, कनेक्शन ही महागडी गोष्ट आहे. सॉकेट उघडतो, टीएलएसचं हँडशेक, म्हणजे सुरक्षित जोडणीची बोलणी, होतं, युजर आयडी तपासला जातो, पलीकडे क्यू मॅनेजर त्या क्लायंटसाठी मेमरी बाजूला काढतो, एवढं सगळं झालं की मग तुम्ही एक ओळीचा मेसेज टाकणार. म्हणून कनेक्शन एकदा उघडायचं, धरून ठेवायचं, त्यावर सेशन, म्हणजे मेसेज टाकायच्या-वाचायच्या वेगवेगळ्या खिडक्या, काढायची, प्रत्येक थ्रेडला (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक कामाला) स्वतःचं सेशन, काम झालं की सेशन पूलमध्ये परत. यात नवीन काहीच नाहीये, जेएमएस १९९८ पासून आहे आणि तेव्हापासून हेच सांगितलंय. आणि या लोकांनी काय केलंय, तर प्रत्येक मेसेजला नवीन कनेक्शन, नवीन सेशन, मेसेज टाका, बंद करा. भांडुपहून ठाण्याला जाताना मुलुंडला उतरायचं, बाहेर जाऊन नवीन तिकीट काढायचं आणि परत त्याच गाडीत चढायला धावायचं, तसं चाललंय. बरं ते बंद तरी नीट करतायत का? नाही. क्लोजची ओळ ट्रायच्या, म्हणजे चुकू शकणाऱ्या कामाच्या ब्लॉकच्या, आत, शेवटी. म्हणजे मधे कुठे एक्सेप्शन (चूक) आलं की कोड कॅचमध्ये उडी मारतो, लॉग लिहितो, पुढे जातो, आणि कनेक्शन तसंच उघडं राहतं. काहीही झालं तरी चालणारा फायनली नावाचा ब्लॉक जावामध्ये पहिल्यापासून आहे. २०१३ ला जेएमएस २.० आलं, त्यात कनेक्शन न् सेशन दोन्ही ऑटोक्लोजेबल केली, ट्रायच्या कंसात ठेवलं की आपोआप बंद होतात, वेगळी ओळसुद्धा लिहायला नको. कनेक्शन बंद केलं की त्याच्या पोटातली सेशन, प्रोड्युसर, कन्झ्युमर सगळं बंद होतं. एवढं सोपं करून दिलंय, तरीही यांना ते करायचं नाही.

यूएटीला, म्हणजे लाइव्ह जायच्या आधीच्या चाचणीत, हे दिसलं नाही म्हणे. कसं दिसणार? यूएटीला सगळे मेसेज चांगले, फॉरमॅट बरोबर, एक्सेप्शन येतच नाही, म्हणून प्रत्येक वेळी क्लोजच्या ओळीपर्यंत कोड पोचतो. प्रॉडला, म्हणजे लाइव्ह सिस्टीमवर, दिवसातून पन्नास-साठ मेसेज खराब येणारच, खऱ्या जगात येतातच, आणि अशा प्रत्येक मेसेजमागे दोन चॅनेल गळतात. दोन का, तर आमच्या जुन्या कुणीतरी त्या चॅनेलवर शेअरसीएनव्ही नावाची सेटिंग १ करून ठेवलीय, मूळ डिफॉल्ट १० असतं, म्हणजे एका सॉकेटवर दहा संभाषणं बसतात. १ केलं की कनेक्शनचं वेगळं न् सेशनचं वेगळं. ही आमच्या बाजूची चूक आहे, मी कॉलवर पहिल्या पाच मिनिटांत मान्य केली. पण १० असतं तरी गळती गळतीच, शुक्रवारऐवजी पुढच्या बुधवारी फुटलं असतं.

आणि ही गळलेली कनेक्शनं क्यू मॅनेजर स्वतःहून मारत नाही. त्याच्या दृष्टीने ती जिवंत आहेत, हार्टबीटला, म्हणजे ‘आहात का’ या विचारणीला, उत्तर देतात, सॉकेट शाबूत आहे, फक्त त्यावर कोणी काम करत नाहीये. सर्व्हर कनेक्शन चॅनेलला डिसकनेक्ट इंटरव्हल डिफॉल्टला ०, म्हणजे कधीच तोडू नको. लावता येतो, पण लावला की पूलमध्ये शांतपणे बसलेली चांगली कनेक्शनंपण तुटतात आणि मग दुसऱ्या टीमचे फोन सुरू.

तर कॉलवर मी म्हटलं, सर, तुमचं ॲप रीस्टार्ट करा, प्रोसेस मेली की १६३ चॅनेल सुटतील, दोन मिनिटांचं काम. ते ॲप बनवणाऱ्या व्हेंडरचे लीड म्हणाले, मॅडम, आमच्या ॲपला हात लावायचा नाही, आमच्याकडे काही प्रॉब्लेम नाही, तुमची लिमिट वाढवा. मी म्हटलं, लिमिट वाढवली तरी क्यू मॅनेजर रीस्टार्ट लागतो, ती व्हॅल्यू क्यूएम डॉट आयएनआय फाइलमध्ये असते, चालू असताना वाचली जात नाही. निदान त्यांचा एकट्याचा चॅनेल फोर्सने स्टॉप करून परत स्टार्ट करू द्या, बाकी कोणाला धक्का लागणार नाही. त्यावर पंचेचाळीस मिनिटं चर्चा! पंचेचाळीस मिनिटं रात्री बारा वाजता २२ माणसं कॉलवर, त्यातली १५ म्यूटवर, आणि शेवटी आमचे मॅनेजर काय म्हणाले, तर सगळाच क्यू मॅनेजर रीस्टार्ट मारा, लिमिट ५०० करून टाका, विषय संपला.

विषय कसा संपला? त्या क्यू मॅनेजरवर अजून आठ ॲप्स आहेत ज्यांचा यात काडीचा दोष नाही. पूर्वी रात्री पेमेंटचं काहीच चालू नसायचं, तेव्हा रीस्टार्ट मारला तरी कोणाला कळायचं नाही. आता डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी २४ तास आहे, दर अर्ध्या तासाला बॅच, दिवसाला ४८, आणि पुढच्याच वर्षी आरटीजीएसपण २४ तास झालं. रात्री दोन वाजतासुद्धा कोणाचे तरी पैसे मधे असतात. रीस्टार्ट मारला, आठही ॲप्स तुटली, सगळ्यांना २००९, कनेक्शन ब्रोकन, आणि क्यू मॅनेजर उठल्या उठल्या सगळी एकदम अंगावर आली. त्यातली तीन नीट थांबून, वेळ वाढवत वाढवत परत जोडणारी. बाकीच्यांचं रीट्राय म्हणजे लूप, झोप नाही, थांबणं नाही, मिळालं नाही की लगेच परत. माझे पुढचे दोन तास एकेका टीमला उठवण्यात गेले. पहाटे चार वाजता लॅपटॉप मिटला.

सेशनचं तर याहून वाईट आहे. याच टीमने मागच्या वर्षी एकच ट्रान्झॅक्टेड सेशन चार थ्रेडना वाटून दिलं होतं. कनेक्शन वाटून घेता येतं, सेशन नाही, ते एका वेळी एकाच थ्रेडचं. का, तर कमिट, म्हणजे काम पक्कं करणं, हे अख्ख्या सेशनचं असतं. एका थ्रेडने डेबिटचा मेसेज टाकलाय, क्रेडिटचा अजून टाकायचाय, तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने स्वतःचं काम संपलं म्हणून कमिट केलं की पहिल्याचं अर्धं काम पक्कं झालं. अर्धं! पैशाच्या व्यवहारात! आणि उलट एकाने रोलबॅक केलं, म्हणजे काम रद्द केलं, की दुसऱ्याचं चांगलं काम गेलं. मग कधी कमिट करायचंच विसरायचं आणि आम्हाला फोन, क्यूची डेप्थ, म्हणजे रांगेतले मेसेज, ४० दिसतेय पण वाचायला गेलो की २०३३, मेसेजच नाही, तुमच्या एमक्यूने मेसेज खाल्ले. खाल्ले नाहीत हो, कमिट न झालेले मेसेज डेप्थमध्ये मोजले जातात पण दुसऱ्याला वाचता येत नाहीत, क्यू स्टेटसमध्ये अनकमिटेड आहे का बघा, कोणी धरून ठेवलेत ते बघा. हे मी किती जणांना, किती वेळा समजावलंय! एकदा तर टीम्सवर लिहून पिन करून ठेवलं. कोणी वाचत नाही.

शनिवारी सकाळी नऊला लेकीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. दुसरीत आहे, कोळी डान्समध्ये पहिल्या ओळीत होती, पंधरा दिवस घरात टोपली डोक्यावर घेऊन फिरत होती. आठला मॅनेजरांचा मेसेज, साडेआठला आरसीए (मूळ कारण शोधायचा) कॉल आहे, तुम्ही लागालच. सासूबाई न् नवरा तिला घेऊन गेले, मी घरात हेडफोन लावून तेच परत सांगत बसले जे रात्री बारा वाजता सांगितलं होतं. व्हिडिओ बघितला मी नंतर. नाचताना ती दोनदा मान उंच करून खुर्च्यांकडे बघतेय.

आणि सोमवारी आरसीएचा मेल आला. रूट कॉज: एमक्यू सर्व्हर अनुपलब्ध. उपाय: चॅनेल लिमिट २०० वरून ५००, जबाबदारी मिडलवेअर टीम, स्टेटस पूर्ण. त्यांच्या कोडबद्दल अवाक्षर नाही. मी रिप्लाय ऑल केला. चॅनेल स्टेटसचं अख्खं आउटपुट जोडलं, त्यांच्या ॲपचं नाव प्रत्येक ओळीत दिसतंय, कुठल्या क्लासमध्ये क्लोज चुकीच्या जागी आहे ते लिहिलं, चार ओळींचा बदल लिहून दिला, आणि हा आरसीए मला मान्य नाही असं स्पष्ट लिहिलं. मॅनेजरांनी बाजूला बोलावून सांगितलं की सगळ्यांसमोर असं लिहायची गरज नव्हती. होती. गरज होती, कारण दर वेळी आमच्या टीमच्या नावावर आउटेज लागतो, आमच्या दोन पोरांचं रेटिंग मागच्या वर्षी याच कारणाने खाली गेलं, ती दोघं सोडून गेली, आणि म्हणून आता दर दुसऱ्या रात्री ऑनकॉलला मी आहे.

व्हेंडरचं उत्तर आलं की बदल तपासून मार्चच्या रिलीजमध्ये घेऊ. चार ओळींना मार्च. आत्ता डिसेंबर चालू आहे.

आज गुरुवार. मघाशी मेट्रोत घाटकोपरपर्यंत उभ्याने आले, गर्दीत फोन काढून मॉनिटरिंग बघितलं. त्या ॲपचे चॅनेल शनिवारी पहाटे १२ होते, काल संध्याकाळी ३१२ आणि आत्ता ३७०. बाकीच्यांचे ३७ धरले की ५०० ला राहिले ९३.