एचएसएसचा टॅप म्हणजे कोयती नव्हे

"एचएसएसचे टॅप, ड्रिल तुटतात? टॉर्चने लालभडक करा, तेलात बुडवा, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. चिवटपणा दुप्पट!" हा मेसेज सध्या रत्नागिरीतल्या लेथवाल्यांमध्ये फिरतोय. एचएसएस म्हणजे हाय स्पीड स्टील, धातू कापायच्या हत्यारांचं पोलाद; टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. माझ्या भाच्याने तो खरा मानला आणि मिरजोळ्याच्या वर्कशॉपात चांगला एम-२ चा (एचएसएसचाच एक प्रकार) टॅप जाळला. मिरकरवाड्याच्या बोटीचं स्टेनलेसचं कपलिंग, तिसऱ्याच भोकात टॅप मोडून आत बसला.

सगळ्यात घातक आहे ती टॉर्च. लोहार कोयतीला पाणी देतो, म्हणजे तापवून बुडवून कडक करतो, ते साधं कार्बन स्टील. लाल रंगावर भागतं. एम-२ मध्ये सुमारे ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम, २ टक्के व्हॅनेडियम असतं. त्यांची कार्बाइड (कार्बनशी झालेली कडक संयुगं) पोलादात पुरेशी विरघळायला १२०० अंशांच्या आसपास जावं लागतं, तेही टप्प्याटप्प्याने, वेळ मोजून. टॉर्चचा लाल म्हणजे ८००-९००. तिथे कारखान्यात दिलेलं पाणी उतरतं, नवं धड चढत नाही, वर उघड्या ज्वाळेत पृष्ठभागाचा कार्बन जळतो. एक दाता मऊ, शेजारचा ठिसूळ.

आणि टेम्परिंगचं, म्हणजे कडक केलेलं पोलाद पुन्हा बेताने तापवण्याचं, नावही नाही! चिवटपणा तर तिथेच मिळतो. पाणी दिल्यावर बरंच ऑस्टेनाइट (तापलेल्या पोलादाची रचना) तसंच उरतं. टेम्परिंगनंतर थंड होताना त्याचं ताजं, ठिसूळ मार्टेन्साइट (पोलादाची कडक रचना) बनतं. म्हणून त्यालाही पुन्हा टेम्पर करावं लागतं. एरास्टील या पोलाद कंपनीच्या एम-२ च्या माहितीपत्रकात स्पष्ट आहे: ५६० अंश, तीनदा, दर वेळी किमान एक तास, मधे खोलीच्या तापमानाला थंड.

फ्रीजर सोडून द्या. पोलाद अतिथंड करून सुधारणारे क्रायोवाले द्रव नायट्रोजन वापरतात, उणे १९६ अंशांचा. घरचा फ्रीजर उणे १८ चा.

एक मान्य करतो, कडकपणा थोडा सोडला की चिवटपणा वाढतो. धक्के खाणाऱ्या पंचला मुद्दाम कमी तापमानावर हार्डन करतात, कण बारीक राहतात. पण ते भट्टीत, अंदाजाने नव्हे.

सतत धक्के खाणाऱ्या कटरचा तडा बहुधा कार्बाइडच्या पुंजक्यातून किंवा ग्राइंडिंगच्या ओरखड्यातून सुरू होतो. पुंजके नकोत तर पावडर मेटलर्जीचं (धातूच्या पुडीपासून बनवलेलं) स्टील घ्या, महाग पडेल. ओरखडे मात्र आपल्याच हातात: शेवटचा हात बारीक व्हीलने, हलका कट. धार तापेपर्यंत दाबून चर्रकन पाण्यात बुडवली तर बारीक तडे तिथेच पडतात.

टॅप वारंवार मोडत असेल तर आधी भोक मोजा. एम-१० च्या (१० मिमी आट्याच्या) १.५ पिचला, म्हणजे दोन आट्यांमधल्या १.५ मिमी अंतराला, ८.५ मिमीचं ड्रिल लागतं. भाच्याने ८ चं मारलं होतं.