सोयीचा खलनायक

पुण्यातला बालभारती ते पौड फाटा रस्ता वेताळ टेकडीवरून न्यावा की नाही, यावरून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून जुंपते. आत्या टेकडी वाचवणाऱ्यांतली. २०२३च्या एप्रिलमध्ये उन्हातान्हात मोर्चाला गेली होती. तिचाच मुलगा कोथरूडहून रोज सेनापती बापट रस्त्याला जातो आणि नळ स्टॉपला अडकला की तिथूनच आईला उत्तरं टाइप करतो. परवा आत्याने एका इंग्रजी सिनेमाची क्लिप टाकली. काळा झगा, काळी हॅट घातलेला एक जज आठ पदरी रस्त्याचं स्वप्न रंगवून सांगतोय. खाली आत्याची ओळ: "तुमच्या लॉस एंजेलिसचं असंच वाटोळं केलं ना?"

क्लिप होती ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ची. १९८८चा सिनेमा, डिस्क आमच्या घरी आहेच. शनिवारी रात्री लावली आणि आत्याला काय उत्तर द्यावं ते ठरवायच्या आधी पुन्हा एकदा त्या सशाच्या प्रेमात पडले.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १९४७चं हॉलिवूड, आणि तिथे कार्टून पात्रं हाडामांसाच्या माणसांबरोबर नोकऱ्या करतात. रॉजर या सशावर खुनाचा आळ येतो. बॉब हॉस्किन्सने केलेला दारुडा डिटेक्टिव्ह एडी, मनात नसताना, त्याला वाचवायला निघतो. डोनाल्ड आणि डॅफी ही दोन बदकं एका मंचावर पियानो बडवतात. डिस्ने आणि वॉर्नर या दोन कंपन्यांनी आपली पात्रं एकत्र येऊ दिली, हाच मुळात चमत्कार.

पण डिस्कवर बघायचा तो खोलीतल्या दिव्याचा प्रसंग. बारच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत एडी आणि रॉजर एकाच बेडीत अडकलेत. एडीचं डोकं टांगलेल्या दिव्याला लागतं आणि दिवा झुलू लागतो. झालं! उजेड हलला की सशाच्या अंगावरची सावली हलायला हवी, कानाची गालावर पडणारी, पोटाची मांडीवर पडणारी, प्रत्येक फ्रेमला वेगळी. कॉम्प्युटर नव्हता. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिसने आधी माणसांचं शूटिंग केलं, मग प्रत्येक फ्रेमची छापील प्रत काढून तिच्यावर ॲनिमेशन सांभाळणाऱ्या रिचर्ड विल्यम्सच्या माणसांनी हाताने ससा काढला, सावल्यांचे थर वेगळे काढले आणि मग हे सगळं फिल्मवर एकावर एक चढवलं गेलं. दिवा स्थिर ठेवला असता तरी कोणाची तक्रार नव्हती. थिएटरात हे डोळ्यांसमोरून सर्रकन निघून जातं. घरी पॉज दाबत एकेक फ्रेम पुढे सरकवली की कळतं की कोणीतरी दिवसच्या दिवस फक्त कानाच्या सावलीवर घालवले असणार. २०२१ साली आलेल्या फोर-के डिस्कवर तर हॉस्किन्सची नजरही तपासता येते. समोर ससा नाही, तरी माणूस सशाच्या डोळ्यांत बघतोय, पलीकडच्या भिंतीकडे नाही. निम्मा सिनेमा त्या नजरेवर उभा आहे.

आता आत्याच्या प्रश्नाकडे. सिनेमाच्या सुरुवातीला एडी रेड कार या ट्रामच्या मागे पोरांबरोबर लटकून जातो. तुझ्याकडे गाडी नाही का, असं एक पोरगा विचारतो, तर एडी म्हणतो की जगातली सर्वोत्तम सार्वजनिक वाहतूक असताना गाडी हवी कोणाला! शेवटी उलगडतं ते असं: क्लिपमधल्या त्या जज डूमने रेड कार कंपनी विकत घेतलीय, ती मोडीत काढायला. त्याला लॉस एंजेलिसपासून शेजारच्या पासाडेनापर्यंत फ्रीवे, म्हणजे सिग्नल नसलेला मोठा रस्ता बांधायचाय. कडेला पेट्रोल पंप, मोटेल, टायरची दुकानं, नजर पोचेल तिथवर होर्डिंग. पाच सेंटात ट्राम असताना तुझ्या रस्त्यावर कोण येणार, असं एडी विचारतो. डूमचं उत्तर साधं आहे: येतील, कारण दुसरा पर्यायच उरणार नाही.

मी पासाडेनातच राहते, त्यामुळे हा प्रसंग लागला की घरात हसू पिकतं. मात्र इथला फ्रीवे १९४०च्या ३० डिसेंबरलाच खुला झाला होता. म्हणजे कथेतला डूम सात वर्षं उशिरा पोचला, आणि त्याच्याशिवाय कोणाचं काही अडलं नाही.

रेड कार उभी केली हेन्री हंटिंग्टनने, १९०१मध्ये, आणि त्याचा खरा धंदा जमिनींचा. ओसाड माळावर रूळ टाकायचे आणि दुतर्फा प्लॉट विकायचे. थोडक्यात, तो बिल्डरच. आमच्या घराजवळ त्याच्या नावाचं देखणं ग्रंथालय आणि बाग आहे. प्लॉट संपल्यावर ट्राम तोट्याचीच राहिली. लोकांनी गाड्या घेतल्या, त्या गाड्या चौकाचौकात ट्रामच्या आडव्या आल्या, ट्राम रखडू लागली, म्हणून आणखी लोकांनी गाड्या घेतल्या. पीएमपीच्या बसने लक्ष्मी रस्त्यावरून गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.

गाड्या खपाव्यात म्हणून जनरल मोटर्स, टायर आणि तेल कंपन्यांनी ट्राम संपवली, ही लोकांत फिरणारी कारस्थानाची गोष्ट अगदीच खोटी नव्हे. त्यांचा पैसा असलेल्या नॅशनल सिटी लाइन्सने १९४५मध्ये शहरातली पिवळी ट्राम घेतली, आणि १९४९मध्ये शिकागोच्या ज्यूरीने या कंपन्यांना बस आणि सुट्या मालाच्या विक्रीत मक्तेदारीचा कट केल्याबद्दल दोषी ठरवलं. जनरल मोटर्सला दंड पाच हजार डॉलर! पण सिनेमातली लाल ट्राम त्या कंपनीची नव्हतीच. जवळच्या लाँग बीच शहराला जाणारी शेवटची रेड कार १९६१च्या ९ एप्रिलला धावली, पिवळी ट्राम ३१ मार्च १९६३ला थांबली, आणि दोन्ही वेळी कारभार एका सरकारी संस्थेच्या हातात होता. बरोबर एक वर्षाने, ३१ मार्च १९६४ला, मुंबईची ट्राम बंद झाली. तिथे तर जनरल मोटर्सला कोणी बोलावलंही नव्हतं.

म्हणून आत्याचं मला अर्धंच पटतं. टेकडी फोडू नये, हे शंभर टक्के. पण डूम शोधण्यात एक आराम आहे: तो सापडला की आपण सुटलो. आपल्याकडे हा आराम फार लोकप्रिय आहे. रस्ता झाला तर बिल्डरमुळे, बस नाही तर नगरसेवकामुळे. ते निर्दोष आहेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण २००६मध्ये देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेन, पुण्यात आली तेव्हा त्या लेनमध्ये स्कूटर घालणारे कोण होते? आमचेच काका, आमचीच ट्यूशनला निघालेली पोरं. नगर रस्त्यावरची बीआरटी टप्प्याटप्प्याने उखडली गेली तेव्हा ग्रुपवर एक अक्षर नव्हतं, ना आत्याचं ना आतेभावाचं. टेकडीला निदान मोर्चा मिळाला.

आतेभावाचीही बाजू घेत नाही. रस्ता वाढवला की सुटेल, हा प्रयोग माझ्या शहराने त्याच्यासाठी करून ठेवलाय. इथल्या ४०५ फ्रीवेवर घाटातून एक जादा लेन काढली, शंभर कोटी डॉलरहून जास्त खर्चून. २०१४मध्ये ती खुली झाली. संध्याकाळी साडेपाचला तिथे आजही नळ स्टॉपच आहे. पुणेकरांनी तर विद्यापीठ चौकातला पूल बांधला, पाडला आणि मेट्रोसकट पुन्हा बांधला. अमेरिकेत बसून पुण्याला अक्कल शिकवणाऱ्यांचा मलाही कंटाळा आहे, पण निदान बिल तरी दाखवावं.

ते बिल असं: ज्या मार्गावरून १९६१मध्ये रेड कार घालवली, जवळपास त्याच मार्गावर १९९०मध्ये लाँग बीचची नवी ट्रेन सुरू झाली, सुमारे ८७ कोटी डॉलर घालून. आता ती ए लाइन पासाडेनावरून पार पोमोनापर्यंत जाते, नव्वदेक किलोमीटर. रविवारी मी त्यात बसते. ऑफिसला मात्र गाडीच काढते, कारण स्टेशनपासून पुढची बस कधी येईल याचा नेम नाही. हे सगळं एखाद्या एडीने खलनायकाला धरून दिल्यामुळे झालं नाही. लोकांनी १९६८ आणि १९७४मध्ये ट्रेन-बससाठीचा विक्रीकर मतदानात फेटाळला, १९८०मध्ये मान्य केला, २००८ आणि २०१६मध्ये आणखी वाढवून घेतला. या शेवटच्या दोन वेळी दोन तृतीयांश मतं लागत होती, २०१६मध्ये सत्तर टक्क्यांच्या वर पडली. त्यातले बहुतेकजण माझ्यासारखे गाडीवाले. बाकीच्यांनी ट्रेनने जावं म्हणजे आपल्याला फ्रीवे मोकळा मिळेल, या आशेवर मत देणारेही त्यात असणारच. असेनात का, रूळ त्यांच्याही पैशातून पडले.