नॉर्मन लुईस यांचा १९६९ सालचा वृत्तांत

ब्रिटिश प्रवासलेखक आणि कादंबरीकार नॉर्मन लुईस (१९०८–२००३) यांच्यावरील ज्या लेखाविषयी मी हे लिहीत आहे, त्यात ‘नेपल्स ’४४’ या युद्धकालीन रोजनिशीचा सविस्तर परामर्श घेतला आहे, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात असताना इटलीतील नेपल्स शहरात पाहिलेली उपासमार, काळाबाजार आणि लाचारी त्यांनी ज्या कोरड्या, किंचित तिरकस विनोदाने टिपली, त्याला तोड नाही. मात्र ही रोजनिशी पुस्तकरूपाने १९७८ मध्ये, म्हणजे तीन दशकांहून अधिक काळानंतर आली, हे ध्यानात घेतल्यास तिच्या घडणीत कादंबरीकाराचा हात जाणवू लागतो.

माझ्या मते त्यांचे सर्वांत परिणामकारक लेखन पुस्तकांबाहेरचे आहे. ब्राझीलमधील आदिवासींच्या संहाराविषयी त्यांनी १९६९ मध्ये ‘संडे टाइम्स’च्या पुरवणीत लिहिलेल्या दीर्घ वृत्तांताने जनमत इतके ढवळून निघाले, की त्याच वर्षी लंडनमध्ये आदिवासींच्या हक्कांसाठी झटणारी ‘सर्व्हायव्हल इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली. लेखात हा प्रसंग एका ओळीत उरकला आहे, याचे आश्चर्य वाटते. त्यांच्या कादंबऱ्या (त्या डझनाहून अधिक आहेत) आज मागे पडल्या आहेत. परंतु बिहार आणि ओडिशातील आदिवासी भागांच्या प्रवासावरचे ‘अ गॉडेस इन द स्टोन्स’ हे उत्तरायुष्यातील पुस्तक मराठी वाचकांनी अवश्य वाचावे.