रोड सायकलवर दुखणारच, हे कोणी ठरवलं?

गेले काही महिने सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण सूर मात्र ठाम आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रोड सायकल, म्हणजे बारीक टायरची आणि खाली वळलेल्या हँडलची वेगवान सायकल, आपल्या रस्त्यांसाठी नाहीच. घेतलीत तर बूड, मान, मनगटं दुखणारच, ते सवयीनं जातं. नाही गेलं तर जाड जेलचं कव्हर लावा. टायर बारीक घ्या आणि हवा खच्चून भरा, म्हणजे वेग येतो. सीट खाली ठेवा, पाय टेकले पाहिजेत. घाट चढायचा तर जड गिअरवर ताकदीनं चढा किंवा कार्बनची हलकी सायकल घ्या. आणि चाळिशी उलटली असेल तर हा नाद सोडा, गुडघे जातील.

माझ्या वहिनींनी हा मेसेज वाचून जानेवारीत सायकल गॅलरीत लावली. वय अठ्ठेचाळीस. ओळखीतल्या एकाची जुनी रोड सायकल घेतली होती, मोठ्या हौसेनं. तीन वेळा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत गेल्या, दोनदा अर्ध्या घाटातून परत फिरल्या. मग मेसेज आला आणि त्यांची खात्री पटली की दोष आपल्या शरीराचाच आहे. मला राग आला तो याचा. दुखलं तर तुमच्यात दम नाही, असं सांगणारा सल्ला माणसाला सायकलवरून कायमचा उतरवतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

हवेपासून सुरुवात करू. बारीक टायर आणि कडक हवा म्हणजे वेग, ही समजूत निराधार नाही. गुळगुळीत लोखंडी रोलरवर टायर फिरवून मोजलं तर हवा वाढवत जाल तसा रोध खरंच कमी होतो. पण आपण रोलरवर चालवत नाही. खडबडीत डांबरावर एका मर्यादेपलीकडे हवा भरली की टायर दबायचा थांबतो आणि प्रत्येक खडीबरोबर सायकल आणि माणूस दोघंही उचलले जातात. ती थरथर आपल्या मांड्यांत, दंडांत, पाठीत जिरते. जिरलेली शक्ती पुढे जाण्यासाठी वापरायची होती, ती गेली. म्हणूनच गेल्या दहा-पंधरा वर्षांत युरोपातल्या व्यावसायिक शर्यतींतसुद्धा २३ मिलिमीटरचे टायर मागे पडले आणि २८ किंवा त्याहून रुंद टायर आले. पॅरिस-रुबे या दगडी फरसबंद रस्त्यांवरच्या शर्यतीत तर तीस मिलिमीटरच्या पुढचे टायर लावतात. तिथे जिंकणाऱ्यांना आराम हवा असतो असं नाही, त्यांना वेग हवा असतो.

साधारण ७० किलोचा माणूस, २८ चा टायर, आत ट्यूब, असं असेल तर ७० ते ७५ पीएसआयपासून (हवेचा दाब मोजायचं एकक, पंपाच्या काट्यावर दिसतं) सुरुवात करावी. पुढच्या चाकात थोडी कमी, कारण वजन मागे जास्त पडतं. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरायलाच हवी असा त्याचा अर्थ नाही. पण फार कमीही करू नका. खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडली, तर हवा कमी होती हे पक्कं. एकच बारीक भोक असेल तर टायरमध्ये आतून बोट फिरवून बघा. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या तारा पडलेल्या असतात, केसाएवढ्या. ती तार काढली नाही तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते.

आता बूड, म्हणजे सगळ्यात जास्त लोक ज्यापायी सायकल सोडतात ते. जेलचं कव्हर ही चूक आहे, आणि ती इतक्या प्रेमानं सांगितली जाते की लोक दोन-दोन कव्हरं चढवतात. आपलं वजन बैठकीच्या दोन हाडांवर पडायला हवं. बसायला निसर्गानं दिलेली हाडं ती. जाड मऊ गादीत ही हाडं रुततात, आणि मधला भाग वर येऊन त्यांच्यामधल्या नाजूक जागेवर दाबतो. तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. पहिली दहा मिनिटं गादीवर बरं वाटतं, तासाभरानं मुंग्या येतात. सीट बऱ्यापैकी घट्ट हवी, पण आपल्या हाडांच्या मापाची हवी. माप घ्यायला दुकानातच जायला हवं असं नाही. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक खुर्चीवर ठेवा, त्यावर थोडं पुढे वाकून बसा, उठा. दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्याहून दोन-अडीच सेंटिमीटर रुंद सीट शोधा. बायकांचं हे अंतर साधारणपणे जास्त असतं. पुरुषाच्या मापाची अरुंद सीट आणि त्यावर गादी, अशा सायकलवर वहिनी सहा आठवडे बसत होत्या. दुखलं नसतं तरच नवल.

पॅड शिवलेली चड्डी त्या गादीपेक्षा कितीतरी कामाची, कारण ती अंगाबरोबर हलते. ती थेट अंगावर घालायची, आत दुसरं काही नाही. हे दुकानात कोणी बायकांना सांगत नाही, संकोचापोटी. आतल्या कपड्याच्या शिवणी घासून जखमा होतात, आणि दोष पुन्हा सायकलला.

एक मान्य करते. पहिले पंधरा दिवस बैठकीची हाडं ठणकतात. तेवढं खरोखर सवयीनं जातं. पण सुन्न होणं हे ठणकणं नव्हे. सुन्नपणा आला तर ती सवय होण्याची पायरी नाही. उतरा, सीट सपाट आहे का बघा, माप बघा.

हाताचं तेच. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, कारण तळहाताच्या कडेनं जाणारी नस हँडलवर चेपली जाते. महिनोन्महिने दुर्लक्ष केलं तर पकड कमजोर होऊ शकते. बहुतेक वेळा कारण हातात नसतंच. सीटचं नाक खाली झुकलेलं असतं, माणूस सतत पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला रोखून धरतो. किंवा हँडल लांब पडतं. स्टेम, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा, एक-दोन सेंटिमीटरनं आखूड बसवला की मान आणि खांदेही सुटतात. रोड सायकलच्या खाली वळलेल्या ड्रॉप हँडलला पकडायच्या तीन-चार जागा दिलेल्या असतात त्या बदलत राहण्यासाठी. कोपरं किंचित वाकलेली ठेवा.

सीट खाली ठेवून पाय टेकवण्याचा सल्ला लहान मुलाला सायकल शिकवताना ठीक. रोड सायकलवर थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं, वरचा दांडा दोन पायांच्या मध्ये. मग सीट किती उंच आहे याचा टेकण्याशी संबंध उरत नाही. खाली ठेवलेल्या सीटवर मात्र प्रत्येक फेरीत गुडघा नको तितका दुमडतो आणि त्याच अवस्थेत जोर लावावा लागतो. वाटी पुढून दुखू लागते. मग ‘सायकलनं गुडघे जातात’ हा निष्कर्ष निघतो. सायकल चालवताना गुडघ्यावर धावण्यासारखे आदळे बसत नाहीत, आणि झिजलेल्या गुडघ्यांना फिजिओथेरपिस्ट स्थिर सायकल चालवायला लावतात, हे आपण आपल्याच घरातल्या ज्येष्ठांच्या बाबतीत पाहिलेलं असतं.

उंची ठरवायला एक जुना हिशेब आहे. तीनदा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडमुळे तो जगभर पसरला. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, मांड्यांमध्ये जाडसर पुस्तक घट्ट वर सरकवा, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ नं गुणा. पेडलचे दांडे फ्रेममधल्या ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढं अंतर. वहिनींचं माप ७६ सेंटिमीटर, म्हणजे सीट ६७ वर हवी होती. होती ६२ वर. एकदम पाच सेंटिमीटर चढवू नये, थोडी थोडी वाढवत न्यावी. गुडघा मागून ओढू लागला किंवा कंबर डावी-उजवीकडे डुलू लागली तर जास्त झाली, जरा उतरवा. सूत्र ही सुरुवात आहे, शेवटचं माप आपलं अंग सांगतं.

आता घाट, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

जड गिअरवर ताकदीनं चढा, हलका गिअर म्हणजे पळवाट. हे वाक्य मी पुण्यात निदान शंभर वेळा ऐकलं असेल. सिंहगडाचा रस्ता पायथ्यापासून गाडीतळापर्यंत आठ-नऊ किलोमीटर आहे आणि त्यात सहाशे मीटरच्या आसपास चढाई आहे. सरासरी सात टक्क्यांची, काही वळणांवर त्याहून बरीच जास्त. वहिनींच्या सायकलला पुढची लहान चकती ३९ दातांची आणि मागची सगळ्यात मोठी २५ ची होती. म्हणजे पेडलची एक फेरी मारली की सायकल सव्वातीन मीटर पुढे जाणार. घाटात ताशी आठ किलोमीटरनं चढायचं तर मिनिटाला चाळीस फेऱ्या. तीच सायकल पुढे ३४ आणि मागे ३४ दातांची असेल तर एका फेरीत २.१ मीटर, आणि त्याच वेगाला मिनिटाला ६३ फेऱ्या. डोंगर तोच, वेग तोच, लागणारी शक्तीही तीच. फरक इतकाच की पहिल्या सायकलवर प्रत्येक फेरीला दीडपटीहून जास्त जोर द्यावा लागतो, तासभर, हजारो वेळा. तो जोर गुडघ्यातून जातो. मांड्या भरून येतात त्या त्यामुळेच, दम संपण्याच्या कितीतरी आधी.

हलका गिअर पळवाट असती तर व्यावसायिकांनी ती कधीच घेतली नसती. स्पेनमधल्या अंग्लिरूच्या चढावर काही ठिकाणी वीस टक्क्यांहून जास्त चढ आहे आणि तिथे जगातले उत्तमोत्तम चढणारेसुद्धा सायकलवर मुद्दाम हलके गिअर बसवून घेतात. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तो किताब हृदय, फुप्फुसं आणि पाय तिन्ही सारखे वापरणाऱ्याला मिळतो. आपण तर शर्यतीतही नसतो.

गिअर कधी बदलायचा हेही कोणी सांगत नाही. चढ अंगावर येण्याच्या आधी बदला. पेडल जड झाल्यावर बदललात तर ताणलेली चेन कुरकुरते, अडकते, कधी पडते. पहिला किलोमीटर इतका सावकाश घ्या की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. मध्येच उभं राहून पेडल मारायला हरकत नाही, पाठ मोकळी होते. मात्र उभं राहताना एक गिअर जड करा, नाहीतर पाय रिकामे फिरतात. आणि उभ्यानं फार वेळ नको, शरीराचं वजनही पायांनीच पेलावं लागतं.

कार्बनचं काय? हा हिशेबही करून टाकू. माणूस, सायकल, पाण्याच्या बाटल्या, पंप मिळून ८५ किलो धरा. सायकल एक किलोनं हलकी केली तर एकूण वजन सव्वा टक्का कमी झालं. चढणीवर बहुतेक शक्ती वजन उचलण्यातच जाते, त्यामुळे तासाभराच्या घाटात साधारण चाळीस सेकंद वाचतील. ज्याला ते चाळीस सेकंद हवेत त्यानं जरूर घ्यावी, सुंदर सायकली असतात त्या. पण घाट चढता येत नाही म्हणून कोणी कर्ज काढून कार्बनची फ्रेम घेत असेल, तर त्याला थांबवायला हवं.

मेसेजमध्ये रिकाम्या पोटी चढण्याचाही सल्ला आहे. पाऊण तासाच्या फेरीला चालून जाईल. दोन-तीन तासांच्या चढ-उताराला दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, म्हणजे एक-दोन केळी किंवा केळं आणि चिक्की. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. उन्हात नुसतं पाणी पीत राहू नका, त्यात मीठ-साखर-लिंबू असू द्या.

राहिली चाळिशी. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ मध्ये दोघांच्या संघानं ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण करून आले, सुमारे ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. थोरला भाऊ तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता. ती असामान्य माणसं, मान्य. पण रविवारी पहाटे कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी उभं राहून बघा, डोक्यावर पांढरे केस असलेली किती माणसं शांतपणे वर येतात. वय झाल्यावर विश्रांतीचे दिवस वाढवावे लागतात, छातीत दुखण्याचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं लागतं. सायकल सोडावी लागत नाही.

वहिनींच्या सायकलची पुढची चकत्यांची जोडी बदलली, मागे नवी कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) आणि चेन आली. चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा जुना डिरेलर आखूड होता, एवढी मोठी कॅसेट झेपली नसती, म्हणून तोही बदलला. टायर २५ चेच राहिले, कारण फ्रेममध्ये २८ बसत नाहीत. हवा मात्र ११० वरून ८५ वर आणली. सीट दर आठवड्याला थोडी थोडी वर गेली. मार्चमध्ये पहिल्यांदा बोगद्यापर्यंत, मग दोनदा बापदेव घाट. गेल्या रविवारी सिंहगडाच्या गाडीतळावर त्या माझ्यानंतर वीस मिनिटांनी पोचल्या, एकदाही पाय न टेकता. दह्याची दोन मडकी संपवली आणि मला विचारलं, “पुढच्या वेळी सकाळी साडेपाचऐवजी पाचला निघायचं का गं? उतरताना गाड्या फार असतात.”