गॅरेजचं दार अर्धं उघडून भागत नाही

घरच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'अमेरिकेत १९७० पासून गाड्यांची धाव तिप्पट झाली, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडही तिप्पट. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ही निव्वळ लूट. तरी तिथे कोणी मरत नाही, म्हणजे या वायूची भीती फुकाची. वीज गेली तर जनरेटर खुशाल गॅरेजमध्ये लावा, दार अर्धं उघडं ठेवा.' मावशीने तो ओहायोतल्या लेकाला पाठवला. त्याने मला फोन करून विचारलं, "दार अर्धं ठेवलं की झालं ना?" इंजिनिअर माणूस!

नाही झालं. कन्व्हर्टर म्हणजे धुरातला हा विषारी वायू कमी करणारं, गाडीच्या धुराच्या नळीतलं यंत्र; छोट्या जनरेटरला तो सहसा नसतोच. असा एक जनरेटर शेकडो गाड्यांइतका कार्बन मोनॉक्साइड ओकू शकतो, असं तिथला ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगच सांगतो. तो बाहेर, घरापासून किमान २० फूट लांबच हवा. या वायूला ना वास, ना रंग. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस 'जरा पडतो' म्हणतो आणि उठत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गारठलं, वीज गेली, तेव्हा गॅरेजमधल्या गाड्या, जनरेटर आणि घरात पेटवलेल्या कोळशाच्या शेगड्यांनी माणसं मेली. कोणी मरत नाही म्हणे! आगीतले मृत्यू सोडूनही तिथे दरवर्षी चारशेहून जास्त जण या वायूने जातात.

गाड्यांची धाव तिप्पट झाली, हे मात्र खरं. पण अमेरिकेतलं कार्बन मोनॉक्साइडचं एकूण उत्सर्जन १९७० मध्ये सुमारे २० कोटी टन होतं, ते आता वणवे वगळता पाच कोटींच्या आत आलंय. मोजायच्या पद्धती मधे बदलल्या, तरी घसरण एवढी मोठी आहे की शंकेला जागा नाही.

आणि 'लूट'? १९७५ पासून कन्व्हर्टर आले. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००२ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात हिशेब मांडला: गाड्यांच्या धुराने होणारे अपघाती मृत्यू दर दहा लाखांमागे वर्षाला ४ वरून ०.९ वर आले. जुना दर टिकला असता तर १९९८ पर्यंत आणखी सुमारे ११,७०० माणसं गेली असती. तरी गार इंजिनावर कन्व्हर्टर तापेपर्यंत काम करत नाही, म्हणून बंद गॅरेजमध्ये गाडीही सुरू ठेवायची नाही.

या वायूच्या उत्सर्जनात वणव्यांचा वाटा वाढलाय, हे मेसेजवाल्याने लिहिलं असतं तर मान डोलावली असती.

भावाला बाहेर वापरायची लांब वायर आणि हा वायू साचला की इशारा देणारा डिटेक्टर घ्यायला सांगितलंय. मावशी, तो मेसेज डिलीट कर, आणि ज्यांना ज्यांना पाठवलास त्यांनाही कळव.